चार नंबरच्या दाराबाहेर

माझ्या धाकट्या सुनेने भर कोर्टात मला ओळख दाखवली नाही. सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन निघाली होती बाई, आणि तेवढ्यात मी परकी झाले! समोरच्या बाकावर बसून मांडीवरच्या टॅबवर बोटं फिरवत होती. मी हात केला तर अशी नजर वळवली, जणू मी वर्गणी मागायला आले होते.

तिचं विद्यापीठाचं संशोधन मला माहीत नव्हतं असं नाही. वकील न लावता कोर्टात येणारी माणसं कुठे अडतात, कशी हरतात, ते बघायचं. नुसतं बघायचं. "निकाल लागेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, कोणाला मदत करायची नाही," असं तिने एकदा जेवताना सांगितलं होतं. "मग तुझ्यापेक्षा भिंत काय वाईट?" मी म्हटलं होतं. थोरला हसला, धाकट्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. पण नियम गेला चुलीत, सासूकडे बघून मान हलवायला काय जातं?

मी आले होते आमच्या इस्त्रीवालीबरोबर. माझ्या लाँड्रीत तिने इस्त्री धरली तेव्हा माझे केस काळे होते. तिच्या घरमालकाने दावा लावला होता की ही खोलीत राहतच नाही, खोलीला कायम कुलूप असतं, तेव्हा खोली परत द्या. सरळ खोटं. रोज सकाळी ती त्याच खोलीतून कामाला येते, आणि तसं सांगायला मी तयार होते. वकील परवडणारा नव्हता, पण माझं तोंड फुकट होतं. कारकुनाने आधीच बजावलं होतं, पुकारा होईल तेव्हा हजर नसलात तर एकतर्फी निकाल. मग खोली गेली समजा.

कागदावर चार नंबर होता, म्हणून चार नंबरच्या बंद दाराबाहेर आम्ही बसलो. शेजारी कानाला मफलर गुंडाळलेला एक म्हातारा, पोटाशी पिशवी धरून.

"तुमचंही इथेच का?" मी विचारलं.

"हो, दुकानाच्या गाळ्याचं. मुलगा म्हणाला, गप बसून राहा, बोलावतील."

इस्त्रीवाली रुमाल पिळत होती. "मावशी, दार अजून उघडत का नाही?"

"साहेबांचा चहा संपला नसेल. आणि तो रुमाल सोड आधी. लाँड्रीतली बाई ना तू, दावणीची दोरी असल्यासारखी पिळतेस."

ती हसली नाही. मलाही तसं हसू येत नव्हतं. एवढी फाइली घेऊन धावणारी माणसं, पण आमच्या दाराशी एकही थांबेना.

तेवढ्यात माझं सुनेकडे लक्ष गेलं. ती कानाची पाळी चोळत होती. घरात काही फुटलं, बिघडलं आणि सांगायचं धैर्य होत नसलं की ती हेच करते. नजर जिन्याकडे, मग आमच्याकडे, पुन्हा जिन्याकडे. आणि माझ्या डोक्यात आलं, घरमालक कुठे आहे? बाईला रस्त्यावर काढायला निघालेला माणूस उशिरा येईल होय?

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काय गं, वर काय आहे?"

तिच्या डोळ्यांत पाणी. जिन्याकडे बघितलं आणि नजर तिथेच ठेवली.

मी इस्त्रीवालीचं मनगट पकडलं आणि निघाले. गुडघा बोंबलत होता, बोंबलू दे. वरच्या मजल्यावर पोचतोय तोच शिपाई तिच्या नावाचा पुकारा करताना ऐकू आला. "तिसरा आणि शेवटचा!"

"आहे! आलीय ती!" मी अशी ओरडले की दोन वकील बाजूला झाले.

आत घरमालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी बोलायला सुरुवात केली तर न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा, त्यांना बोलू द्या." मी बसले. असं क्वचित होतं. इस्त्रीवाली आधी अडखळली, मग बोलली. शेजारी कोण, पाण्याचा नळ कधी येतो, भिंतीला ओल कुठे आहे, सगळं. कोर्टाचा माणूस खोली बघून येईल, तोवर हिला कोणी हलवायचं नाही, असं ठरलं.

आम्ही उठत होतो तेव्हा शिपाई आणखी एकाचं नाव पुकारत होता. कोणी आलं नाही. न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहिलं, फाइल पलीकडे गेली.

खाली आलो तर मफलरवाला तसाच बसलेला.

"अहो आजोबा, कोर्ट वर हललंय!"

तो कठड्याला धरून वर गेला आणि लगेच परत आला. "झालं म्हणतात. गाळा गेला." आणि बसला पुन्हा त्याच बाकावर, जणू अजून कोणी बोलावणार होतं.

आता निकाल लागला होता, म्हणून सूनबाईंना तोंड फुटलं. त्याच्याशेजारी बसून तिने हळू आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्हाला न्याय मिळाला असं किती वाटतं? एक ते पाच."

"पाच म्हणजे जास्त का?"

"हो."

"मग दोन लिहा. तुम्ही एवढं आपुलकीने विचारलंत."

तो पिशवी सावरत निघाला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्यात आमची इस्त्रीवाली तिचे हात धरून म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे खोली राहिली हो."

"आई, मी नियम मोडला," सून म्हणाली. "सरांना सांगावं लागेल. काढून टाकतील मला."

"खोली बदलली हे तुला कधी कळलं?"

"तुम्ही यायच्या आधी. शिपाई एकदाच ओरडला आणि वर गेला. घरचं कोणी आलं तर आम्ही उठून जायचं असतं. पण मी गेले असते तर तुम्ही तिथेच बसून राहिला असतात."

"आणि ते आजोबा?"

"अशी किती माणसं नुसती चुकीच्या दाराशी बसून हरतात, हेच तर मोजतोय आम्ही! ते छापून आलं तर कोर्टाला दाराशी माणूस ठेवावा लागेल. मी एकेकाला उठवत बसले तर कोणाला काही दिसणारच नाही, आई."

बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"ऐक," मी म्हटलं. "तू गप्प राहिली असतीस आणि हिची खोली गेली असती, तर मी तुझ्या हातचं पाणी प्यायले नसते. पण पोरगी आपल्या कामाशी खरी राहिली, एवढं म्हटलं असतं. ओरडून सगळा बाक उठवला असतास, तर तुझ्या सरांशी भांडायला मी स्वतः आले असते. तू काय केलंस? सासूला डोळ्याने जिना दाखवलास आणि त्या माणसाला एक ते पाच विचारलंस. ओळखीपाळखीने कामं होतात ती काय वेगळी असतात? पाळायचा तर माझ्यासमोरही पाळ तुझा नियम. मोडायचा तर त्याच्यासाठीही मोडायचा होतास. आता बघत काय उभी राहिलीस? तो फाटकाबाहेर पडायच्या आत त्याला गाठ, आणि हा निकाल परत उघडायचा अर्ज कसा करतात ते त्याला सांग. कानाला मफलर आहे त्याच्या, मोठ्याने सांग."