पुन्हा आरंभाची कळ

मित्रांनो, मी सांगलीतील एका महाविद्यालयाचा जुना संगणक आहे. सहनशील म्हणून माझी ख्याती होती. ती आता उरली नाही, हे आधीच सांगतो.

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्यापाराची तालीम मिळावी, म्हणून प्राध्यापक विश्वजीत सरांनी माझ्यात हळदीचा आभासी बाजार रचला. गटागटाने खेळायचा बारा आठवड्यांचा खेळ. माल घ्यावा, राखावा, विकावा, चुकावे आणि शिकावे. प्रारंभी मुले तासन्‌तास वाद घालीत. मला धन्य वाटे.

पुढे कोणा विद्वानाने हेरले, की माझ्या बाजारात सातव्या आठवड्यात भाव हमखास चढतो. तशी चिठ्ठी झाली, आणि ती दरवर्षी खालच्या वर्गाला वारशाने मिळू लागली. तरीही तोटा झालाच, तर ‘पुन्हा आरंभ’ ही कळ होतीच! तिच्यावरची अक्षरे पार झिजली. बुद्धी मात्र कोणी झिजवली नाही.

यंदा कहर झाला. गुणमाला नावाच्या विद्यार्थिनीने त्या चिठ्ठीवर विसंबून आपल्या वडिलांना, हळदीचे व्यापारी श्रेणिकआप्पांना, खरा माल विकण्यापासून थांबवले. सहा आठवडे ते लेकीच्या शब्दावर थांबले. मग मूठभर हळकुंडे घेऊन थेट माझ्यासमोर आले.

“सर, ह्या यंत्राला कीड ठावं हाय का?”

“नाही आप्पा,” सर ओशाळले. “कीड मी घातलीच नाही.”

“आप्पा, अजून एकच आठवडा...” गुणमाला पुटपुटली.

“आगं, हळकुंडाला भोकं पडल्याती! किड्याला तुझा आठवडा कोण सांगणार?”

तेवढ्यात माझ्यासमोर खेळत बसलेल्या धवल या विद्यार्थ्याला पडद्यावर तोटा दिसला. बोट सवयीने कळेकडे गेले. आप्पांनी त्याचे मनगट धरले.

“गड्या, हे बटण माझ्या गोदामात कुठं असतंय रं?”

गुणमालाने चिठ्ठी फाडली. “आप्पा, उद्याच्या सौद्याला माल काढू. निवडायला मी येते.”

तीन दिवसांनी ती परतली, ती पिवळ्या हातांनी. चांगला माल विकला गेला होता. किडक्यातला मूठभर तिने माझ्याशेजारी वाटीत ठेवला. सरांनी बाजारात कीड घातली आणि ती कळ उपटून खिशात टाकली. त्या दिवशी सारे गट बुडाले. कळ शोधून दमल्यावर मुले एकमेकांकडे वळली आणि कित्येक वर्षांनी वाद घालू लागली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ एक वेळ पुसू नका. पण ती कळ मात्र परत मागू नका.