दिव्यदृष्टीचे दोन आकडे

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराजांनी डोळे मिटले आणि पहिल्या रांगेतल्या बाईंना म्हणाले, "बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय ना?" बाईंनी तोंडात बोटं घातली. बहिणीने ते सकाळीच फोनवर निरोप ठेवून कळवलं होतं.

"याला म्हणतात दिव्यदृष्टी!" मागच्याच रांगेत बसलेले सासरे शेजारच्या सूनबाईला म्हणाले. 'माझं मंतरलेलं पाणी पी, गोळ्या सोड' असं महाराज म्हणाल्यापासून आठ दिवस सासऱ्यांनी रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती. जिना चढताना त्यांना धाप लागे आणि तिचा जीव टांगणीला लागे. बोलायला जावं तर ते म्हणत, "चार बुकं शिकलीस म्हणून महाराजांपेक्षा शहाणी झालीस?"

घरी फोनचे निरोप टिपून ठेवणारं यंत्र होतं. नवा निरोप आला की त्याचा लाल दिवा लुकलुके. हल्ली मात्र दिवसभर घर बंद आणि यंत्रात निरोप असूनही तो शांत असे, जणू निरोप कुणी आधीच ऐकून गेलंय. महाराजांना कळायचे तेही नेमके हेच निरोप! समोरासमोर बोललेलं एक अक्षरही नाही. शेवटी तिने यंत्राबरोबरचं माहितीपत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं: बाहेरून फोन करून दोन आकडे दाबले की निरोप ऐकू येतात. हे आकडे सगळ्या यंत्रांत सारखेच असतात, ते आधी बदलून घ्यावेत. घरात कुणी बदलले नव्हते. अख्ख्या वसाहतीने यंत्रं घेतली होती ती महाराजांच्या पट्टशिष्याच्या दुकानातून.

पुढच्या सभेच्या दिवशी तिने ऑफिसमधून घरी फोन लावला आणि आवाज बदलून निरोप ठेवला.

संध्याकाळी महाराज सासऱ्यांकडे वळले. "बाळा, मला वाघ दिसतोय... सर्कस दिसतेय... तुझ्या आत्याने पंचाहत्तरीत वाघ सांभाळणाऱ्याशी लग्न केलं!"

"अगं बाई!" तिसऱ्या रांगेतून आत्या उठल्या. "आणि हे शेजारी बसलेत ते कोण?"

हशा पिकला. "ही मायेची लीला आहे..." महाराजांनी सुरुवात केली, पण सूनबाईने तोवर सभागृहाच्या टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर लावला, दोन आकडे दाबले आणि रिसीव्हर सासऱ्यांच्या कानाला लावला. वाघ, सर्कस, लग्न, सगळं त्यांनी ऐकलं. पट्टशिष्य दाराकडे सरकत होता.

"म्हणजे याच्या शब्दावर मी गोळ्या सोडल्या?" सासऱ्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

तिला राग आला होता आणि रडूही. "बाबा, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, याला हे कळलं कसं? आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा."

सासऱ्यांनी तिचा हात धरला. "चल, आधी दवाखान्यात जाऊ," ते म्हणाले.