बिनस्वराचा शब्द

डब्ल्यूची लाकडी चकती अण्णांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत घट्ट धरलेली होती... नीलांबरी बघत राहिली. सकाळची शाळा शिकवून, उन्हातून घरी आल्यावर, रोज दुपारी ती वडिलांसमोर हा पट मांडून बसे — मिशनमधल्या मॅडम मायदेशी परतताना अण्णांना देऊन गेलेला, इंग्रजी अक्षरांच्या चकत्या जुळवून शब्द करायचा खेळ. अण्णांनी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. खेळताना असले चमत्कारिक शब्द काढायचे, की तिला कधी जिंकताच येत नसे. मग पावसाळ्यात — पाऊस न पडलेल्या त्या पावसाळ्यात — अण्णांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि डॉक्टर म्हणाले, "शब्द परत येतीलच असं नाही."

चकती बसली. सी, डब्ल्यू, एम.

एकही स्वर नाही.

"छान हं, अण्णा," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं. कित्येक महिने ती हेच म्हणत होती, मार्क देत होती, मग आत जाऊन तोंडावर पाणी मारत होती. आणि परवाच तर तिनं त्यांची पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला द्यायची म्हणून सुतळीनं बांधून ठेवली होती...

"छान?" अण्णांनी पटावर हात आपटला. "काय... छान? अर्थ... सांग!"

मोरीत भांडी घासणारी मालनबाई दाराशी आली. "अण्णा रागावल्यात व्हय, ताई?"

"नाही गं. तू कर तुझं काम."

अर्थ सांग. म्हणजे मी खोटं बोलते हे त्यांना ठाऊक होतं? पहिल्यापासून? — ती उठली, गठ्ठ्याची गाठ सुटेना तेव्हा विळीवर सुतळी कापली, जाड डिक्शनरी ओढून काढली. मिळणार नाहीच, पण शोधल्यासारखं तरी करावं... सीची पानं संपत आली, आणि शेवटाकडे तो शब्द होता. सी, डब्ल्यू, एम. उच्चार कूम. डोंगराच्या कुशीतली खोलगट दरी.

ती खाली फरशीवरच बसली. हसू आलं, की रडू, कळेना.

मग एकदम गेल्या आठवड्यातला शब्द आठवला — झेड, ए, एक्स — तो निरर्थक समजून त्या दिवशी तर ती जेवलीही नव्हती. तिनं घाईघाईनं शेवटची पानं काढली. होता! छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार. आणि काल लावलेला, जे, यू, एल, बी? मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

नव्हता.

पटाशी परतताना तिला वाटलं, हे सांगू नये. मग ती म्हणाली, "कूम बरोबर. पण कालचा ज्युल्ब, अण्णा, असा शब्दच नाही. त्याचे मार्क मी कापणार."

"आहे."

"नाही."

"आहे!" त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते तिची गंमत करत होते, की तो नसलेला शब्द त्यांना खरोखर कुठंतरी दिसत होता...

"दाखवा मग!" तिचा आवाज चढला होता. मोरीतली भांडी वाजायची थांबली. उद्या त्यांच्या डोक्यात काय शाबूत असेल आणि काय नाहीसं झालेलं, कुणास ठाऊक. पण आत्ता तिला त्यांची कीव येत नव्हती. चीड येत होती, चांगली लखलखीत चीड. आणि तिनं पाठ सरळ केली, आपल्या चकत्या पुढ्यात ओढल्या. आज आपण जिंकलंच पाहिजे, असं तिला फार वाटू लागलं.