बदलीचं नाव

सुनेची, सलोमीची, एक सवय सुकरमनीला मुळीच सहन होत नव्हती. चहाच्या बागेच्या ऑफिसात पाऊल टाकलं की त्या पोरीची जीभ टाळूला चिकटायची आणि मान तेवढी हलायची. बाबूनं काही विचारलं की जी, साहेबानं काही म्हटलं की जी. मागं एकदा छोट्या साहेबानं विचारलं, पाय दुखतो का, तर जी. मग पाठीवर औषधाची टाकी घेशील का, तर त्यालाही जी. पंधरा दिवस लंगडत फवारणी केली बाईनं. आणि घरी? घरी कोंबड्यांशी भांडायची, केरळात नवऱ्याला फोन लावला की पुढची तीन घरं ऐकतील असं हसायची, चहाचा कोवळा पाला कांदा-मिरची घालून चुरायला बसली की सासूच्या हाताला चवच नाही म्हणून ऐकवायची. म्हणजे जीभ होती. हवी तिथं नव्हती.

सुकरमनी खाल्को त्या बागेतली सरदारनी. तीस बायकांच्या टोळीवर तिची हुकमत. पहाटे गिनतीचा भोंगा झाला की तिच्या बायका सगळ्यांत आधी रांगेत उभ्या असायच्या, आणि एखादीची वेणी सुटलेली दिसली तर तिथल्या तिथं तिचा उद्धार व्हायचा. शाळेत ती दोन पावसाळे गेली होती, त्यातला एक गळक्या छपराखाली. पण कुठल्या तुकड्यातली झाडं कधी फुटतील आणि कुठली बाई पाटीत तळाला जून पानं दडपते, हे तिला वाचता येत होतं. तेवढं वाचन तिला पुरायचं.

फाल्गुन सरता सरता, छाटलेली झुडपं पहिल्यांदा फुटायला लागली होती, तेव्हा ऑफिसच्या फळ्यावर एक कागद लागला. कागद इंग्रजीत. ऑफिसातल्या कारकुनानं, निर्मलबाबूनं, चष्मा कपाळावरून खाली ओढून आठ नावं वाचली. महिनाअखेरीला वय अठ्ठावन्न पूर्ण, सबब निवृत्त. तिसरं नाव सुकरमनीचं.

ती तिथंच हसली. तिला चोपन्नावं चालू होतं. महापुराच्या साली, मजुरांच्या घरांची सगळी लाईन पाण्यात असताना, मचाणावर जन्मलेली ती. ते साल त्या मुलखात कोण विसरेल? पण बारा वर्षांची असताना आईनं तिला बागेत उभं केलं, तेव्हा लहान पोरांना अर्धी हजेरी लागायची. आईनं सांगितलं, पोर सोळाची आहे. त्या वेळी खुर्चीवर निर्मलबाबूचा बाप होता. त्यानं पोरीला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि सोळा लिहिलं. त्यात काही विशेष नव्हतं. लाईनीतल्या निम्म्या माणसांचं वय त्यांच्या आयांनी ठरवलेलं होतं. तेव्हा चार वर्षं पुढं ढकलली ती आता मागून येऊन मानेवर बसली.

असू दे, ती म्हणाली. बदलीचं नाव तर आहे.

कायम कामगार निवृत्त झाला की त्याच्या जागी घरातलं एक नाव लागतं, हा त्या बागांचा जुना रिवाज. कागदावर तो कुठं असेल नसेल, पण आजवर कुणाचा चुकला नव्हता. आणि नाव लागणं म्हणजे नुसतं काम नव्हे. लाईनीतलं घर त्या नावाला चिकटून असतं. दोन खोल्या, मागं फणस, पुढं तिच्या नवऱ्यानं मरायच्या वर्षी घातलेला ओटा. घरात कायम कामगार नसेल तर घर बागेचं.

पहिल्यांदा तिनं मुलाला फोन केला. अनूप सात वर्षं केरळात प्लायवूडच्या कारखान्यात होता. तिथं कंत्राटदार दरसाल बदलतो, मी तोच राहतो, असं तो हसत सांगायचा. तो म्हणाला, आयो, मी येऊन पानं खुडायची म्हटलं तर तुझ्याच बायका मला हसतील; सलोमीचं नाव लाव, तिला काम येतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते बरोबर आहे हेच तिला आवडलं नाही.

सलोमी सहा वर्षं बिघा होती, म्हणजे हंगामापुरती. बहर आला की लावायचं, झाडं झोपली की काढायचं, म्हणजे कायम करायचा प्रश्नच उरत नाही. सहा वर्षांत सहा वेळा ती नव्यानं कामाला लागली होती. आता बदलीनं लागली तर कायमची लागणार होती.

सुकरमनीनं मनाशी पक्कं केलं. सलोमीला मात्र एवढंच सांगितलं की गुरुवारी डोकं धू, धुतलेली साडी नेस, माझ्याबरोबर ऑफिसात चल. कशाला, ते सांगितलं नाही. कारणं देत बसायची तिची रीत नव्हती. तीस बायका कारणांवाचून पानं खुडत होत्या.

गुरुवारी पहाटे गिनतीलाच हुकूम आला, नदीपलीकडच्या तुकड्यात पानं वाढून चाललीत, टोळी तिकडं न्या. सुकरमनीनं हिशेब केला, ऑफिस चारला बंद होतं, आपण साडेतीनला परत. सलोमीला सांगून गेली, तयार राहा. सलोमी तयार राहिली. आणि दुपारी बाराला ऑफिसचा चपराशी येऊन तिला एकटीलाच बोलावून घेऊन गेला.

सुकरमनी नदी ओलांडून परतली तेव्हा सून दारात उभी होती. अंगात नवा हिरवा एप्रन, पाठीवर कुठल्याशा एजन्सीचं नाव छापलेलं. चेहरा असा उजळलेला की लग्नातही नव्हता.

"आयो, मला काम लागलं," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता तरी लागलं. सोमवारपासून. आता नोव्हेंबरात काढणार नाहीत, पूर्ण वर्ष."

सुकरमनीनं तिच्या हातातला कागद घेतला. त्यातलं तिला स्वतःचं नाव तेवढं ओळखता आलं. आपलं नाव सलोमीच्या कागदावर काय करतंय, ते तिला कळेना. पाठीवरची पाटी न उतरवता ती ऑफिसाकडं निघाली.

निर्मलबाबू कपाट बंद करत होता. तिनं कागद त्याच्यापुढं टाकला आणि म्हणाली, वाच.

त्यानं वाचलं, मग सोपं करून सांगितलं. सुकरमनी खाल्को यांच्या जागी मिळणाऱ्या कायम कामावरचा हक्क घरच्यांनी राजीखुशीनं सोडला. त्या बदल्यात सून सलोमी हिला एजन्सीमार्फत एक वर्षाचं कंत्राटी काम. सिलिगुडीहून एजन्सीचा माणूस आला होता. अकरा ठिकाणी सह्या झाल्या.

"आणि घर?"

"कंत्राटी माणसाला घर नसतं, सरदारनी."

चाळीस वर्षांत त्या ऑफिसात ती कधी बसली नव्हती. आता बाकावर बसली. पाटीतली पानं मागं भिंतीला लागून चुरडली, तरी तिला कळलं नाही.

मग तिनं एकेक करून सगळं म्हणून पाहिलं. कागद फाड; तर मूळ कागद त्या माणसाच्या बॅगेतून सिलिगुडीला गेलेला, हा नुसता उतारा. बरं, मग माझं वय नीट कर, मी चोपन्नाची आहे, चार वर्षं मीच खुडते, घर राहील. बाबू म्हणाला, पुरावा आणा. तिनं कनवटीची पिशवी सोडून मतदार कार्ड काढलं, आधार काढलं, रेशन कार्ड काढलं. मतदार कार्ड बागेच्या रजिस्टरवरून झालेलं, आधार मतदार कार्डावरून, रेशन कार्ड त्या दोघांवरून. एका खोट्याला तीन पिल्लं झाली होती आणि सगळ्यांचा चेहरा सारखा. महापूर साक्षीला होता, पण महापुराची सही कुठं मिळायची? रजिस्टरात तुझ्याच बापानं खोटं लिहिलं, असं ती म्हणाली. निर्मलबाबू म्हणाला, लिहिलं असेल, पण गेलेल्या बापाच्या अक्षराला मी खोटं कोणत्या कागदावर म्हणू?

शुक्रवारी ती बड्या साहेबाच्या बंगल्यावर गेली. साहेब ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ओरडण्याला कसं उत्तर द्यायचं ते तिला ठाऊक होतं. साहेबानं तिला खुर्ची दिली, माँजी म्हटलं, तुमची टोळी बागेत सगळ्यांत चांगली म्हटलं. नवीन धोरण कलकत्त्याहून आलंय, माझ्या हातात काही नाही, पण मी नक्की कळवतो म्हणाला. इतक्या गोड बोलण्यात भांडायला जागाच सापडेना. ती दिलेला चहा न पिता परत आली. त्या चहात दूध होतं. तिला मिठाचा लागायचा.

युनियनच्या पुढाऱ्यानं आधी तिलाच झापलं. सह्या करायच्या आधी मला का विचारलं नाही? आठ घरांतल्या पाच घरांनी तसल्याच सह्या केल्यात. मी मागणी लावतो, पण सही ती सही. पुढच्या बैठकीला या. बैठक कधी, तर ठरलं की कळेल.

शनिवारी महिना संपत होता. सुकरमनी बागेची छत्री आणि हजेरीची वही परत करायला ऑफिसात गेली. दोन दिवसांत सुनेशी ती एक शब्द बोलली नव्हती. सगळा राग साठवून ठेवला होता. तो निर्मलबाबूवर निघाला. तू तिला सहा वर्षं बघतोयस, ती म्हणाली. मान हलवणारी बाई आहे ती. विहिरीत उडी मार म्हटलंस तरी जी म्हणेल. तुला ठाऊक होतं म्हणूनच मला नदीपलीकडं पाठवून तिला बोलावलंस.

निर्मलबाबूनं छत्री मोजून कपाटात ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नदीपलीकडं कुणी पाठवलं ते मला विचारू नका. पण सह्यांआधी मी तिला बाजूला घेतलं होतं. म्हटलं, सासूला येऊ दे, विचार आणि मग कर. तर ती म्हणाली, सासूनंच सांगून ठेवलंय. ऑफिसात कुणी काही म्हटलं की जी म्हणायचं."

सुकरमनीला नळावरची ती सकाळ आठवली. सलोमी पहिल्यांदा बिघा लागली त्या दिवशीची. ऑफिसात जीभ दातांच्या आत ठेवायची, जी म्हणायचं, बाहेर येऊन मला सांगायचं. बोलायचं ते मी बोलेन. हे तिनं एकट्या सलोमीला नव्हतं सांगितलं. सगळ्या तीस जणींना सांगितलं होतं. म्हणून तर साहेब लोक म्हणायचे की सुकरमनीच्या बायकांचा त्रास नाही, आणि म्हणून तर तिच्या हातात सरदारनीची छत्री आली होती. इतर बायका मागून कुरकुरायच्या, नाक मुरडायच्या, एखादी सरळ साहेबाशी भांडूनही यायची आणि सुकरमनीच्या शिव्या खायची. सलोमीनं कधी खाल्ल्या नाहीत.

घरी सलोमी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. कोंबड्या तिच्या सुपात चोची घालत होत्या आणि ती त्यांना हाकलत नव्हती. हिरवा एप्रन घडी करून कोनाड्यात ठेवलेला. सासूला बघून ती उभी राहिली. कुणीतरी तिला एव्हाना सगळं सांगितलं असणार, कारण डोळे सुजलेले होते.

"मी विचारलं होतं आयो, घराचं काय म्हणून," ती म्हणाली.

"कुणाला?"

"मनातल्या मनात."

सुकरमनी वाटभर शिव्या जुळवत आली होती. चांगल्या, मुरलेल्या. त्यातली एकही आता ओठांवर येईना. कुंपणापलीकडं शेजारीण कपडे वाळत घालायचं सोडून इकडंच बघत होती. एरवी सुकरमनीनं तिला घरात पिटाळलं असतं. तिनं बघू दिलं. ती ओट्याच्या कडेला टेकली, सुनेला खाली बस म्हणाली, आणि सूप स्वतःकडं ओढून घेतलं. पण तांदूळ निवडले नाहीत.

सोमवारी सलोमी गिनतीला वेगळ्या रांगेत उभी राहणार होती. तिथं नवा मुकादम, एजन्सीचा. आणि कधीतरी, तीन महिन्यांनी म्हणा, सहा महिन्यांनी म्हणा, घर सोडायचा कागद येणार होता. तोही इंग्रजीत असणार, आणि निर्मलबाबू चष्मा खाली ओढून वाचणार. त्या कागदाला काय म्हणायचं, ते सुकरमनीला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

"तीस बायकांत तू एकटीनंच माझं पुरतं ऐकलंस, सलोमी," ती म्हणाली. "आणि त्या ऐकण्यानंच घर गेलं. तुझी चूक नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, ते माझ्याच्यानं होणार नाही. पण नीट ऐक. तू वाईट बाई नाहीस, मूर्खही नाहीस. तू माझ्या हातची बाई आहेस, आणि माझा हात चुकला. आता इथून पुढं कुणाला जी म्हणू नकोस. मलासुद्धा नाही."