शुक्रीचं ‘नको’

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल. पनवेलच्या एका फ्लॅटमध्ये, टेबलाच्या खणात, संपलेले सेल आणि बेवारस किल्ल्यांच्या सोबतीने पडून असतो. दुकानात आलो तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचं केवढं कौतुक होतं! अनुयाताईंनी मला घरी आणलं आणि त्यांच्याकडे जेवण गार होऊ लागलं. आधी ताटाचे फोटो, मग घास.

एका रविवारी ताई मला घेऊन नेऱ्याला, मैत्रिणीच्या फार्महाऊसवर गेल्या. तिथे शुक्री कामाला होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती लेकीला, रूपाला घेऊन लांबच्या गावाहून पळून आली होती, आणि तो तिला शोधत होता. पण हे फक्त तिथल्या रखवालदाराला, सुभाषला ठाऊक होतं. शुक्री अंगणातल्या चुलीवर तांदळाची भाकरी भाजत होती. ताईंनी मला तिच्यासमोर धरलं.

“नको ताय, माजा व्हिडिओ नको काडू.” तिने पदर तोंडावर ओढला.

“अगं, लाजतेस काय! किती छान दिसतेस!”

आपल्याकडे पाहुणा ‘नको, नको’ म्हणतो आणि आपण आणखी एक पोळी वाढतोच. ताईंना हे ‘नको’ तसलंच वाटलं. ताई वाईट नव्हत्या हो. पण आग्रह पंगतीत शोभतो, असा नाही. भाकरी उलटताना पदर सरकला आणि शुक्रीचा चेहरा माझ्यात आला. मागची फार्महाऊसची पाटीही आली.

ताईंनी तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि त्यावर लोकांच्या उड्या पडल्या. ताई हरखून गेल्या. मग एका दुपारी सुभाषचा फोन माझ्यावरच आला. शुक्रीचा नवरा व्हिडिओतली पाटी वाचून फाटकाशी येऊन उभा राहिला होता. सुभाषने त्याला अडवून धरलं, तोवर शुक्री मागच्या बाजूने निसटली. शाळेत जाऊन तिने रूपाला भर वर्गातून उठवून नेलं. दप्तर तिथेच राहिलं.

ताईंचे यजमान निनाद वकील आहेत. ते म्हणाले, “तिने नाही म्हटल्यावरही टाकलास? उद्या तिने तक्रार केली, तर काय उत्तर देणार आहेस?”

ताईंनी रडत रडत व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो कितीतरी फोनांत जाऊन बसला होता. तिथून तो कोण काढणार?

माफी मागायला ताई पुन्हा नेऱ्याला गेल्या. चूल विझलेली होती.

“कुठे गेली रे ती?”

“मला ठाव हाय,” सुभाष म्हणाला, “पन तुमाला नाय सांगनार.”

तेव्हापासून मी खणात आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते रूपाचं. ती पुन्हा शाळेत जाते की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्या हातातही माझा एखादा भाऊबंद असेल. कुणी ‘नको’ म्हणालं, तर त्या भाऊबंदाला मुकाट्याने खाली ठेवा. कारण विचारत बसू नका. शुक्रीला कारण सांगता येत नव्हतं.