माझ्यावर बसलेली बदली

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. 'जुनी' हा शब्द मी माझ्या तोंडानं म्हटला म्हणून चालतो, तुम्ही म्हणायचा नाही. तीन पाय, मधे एक लोखंडी दांडा आणि वर गोल गादी, एवढाच माझा पसारा. पण बँडच्या स्टेजवर सगळ्यांच्या मागे बसून जो माणूस ड्रम बडवतो ना, त्याचा सगळा भार माझ्यावर असतो. लोक टाळ्या त्याला वाजवतात. वाजवू देत. मी नसते तर त्यानं उभ्यानं काय दिवे लावले असते ते मला माहीत आहे.

एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तो दवाखान्यांची स्टुलं करायचा. माझा एक पाय त्याच्या हातून जरा आखूड पडला. मग त्यानं त्याला रबराची जाड टाच बसवली आणि म्हणाला, "आता ही कुणाच्या बापाला हलायची नाही." नाहीच हलले. मला खाली-वर करायला मानेशी एक पेच आहे. तो आवळला की मी जिथल्या तिथे.

मला घरी आणलं ते दणकेकाकांनी. हे काही त्यांचं खरं नाव नाही, पण ड्रमवर ते असा दणका द्यायचे की खरं नाव त्यांच्या सासूशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यांची उंची बरोबर बसली तेव्हा काकूंनी दांड्यावर स्वतःच्या लाल नेलपॉलिशनं एक खूण केली. सव्वीस वर्षं ते त्याच खुणेवर बसले. सव्वीस वर्षांत एक कार्यक्रम चुकवला नाही. ताप असो, दाढ काढलेली असो, घरी पाहुणे असोत, काका हजर. लेक झाली तेव्हा दवाखान्यात तिचं तोंड पाहिलं आणि तसेच कार्यक्रमाला आले. लेक मोठी होऊन दुसऱ्या गावी नांदायला गेली, तरी तिच्याकडे जाऊन एक रात्र राहिले नाहीत.

लोक म्हणायचे, काय निष्ठा आहे! निष्ठा कसली? भीती होती. मला माहीत आहे, कारण माझ्यावर बसूनच ते काकूंशी बोलायचे. या बँडमध्ये काका स्वतः बदली म्हणून आले होते. आधीचा ड्रमवाला आठ दिवस गावाला गेला, काका त्याच्या जागेवर बसले, आणि उठलेच नाहीत. तो परत आला तेव्हा कार्यक्रम चालू होता. दारात उभा राहून त्यानं एक गाणं ऐकलं आणि निघून गेला. काकांनी त्याला पाहिलं होतं. पाहून मान खाली घातली आणि वाजवत राहिले.

तेव्हापासून काकांनी मनाशी धरलं होतं, ही जागा आठ दिवस सोडली की आपलंही तेच होणार.

आता माझी चूक सांगते. मी चूक लपवणाऱ्यातली नाही. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात, ऐन रंगात आलेल्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात, माझा पेच घसरला आणि मी चार बोटं खाली बसले. माझ्याबरोबर काकाही बसले. दोन ठोके हुकले, मग स्वतःला सावरत त्यांनी असा काही धडाम् वाजवला की झांज डुगडुगली. बाकीचे वाजवत राहिले, लोकांना काही कळलं नाही. चूक माझी, मान्य. पण त्या पेचाला कुणी किती वर्षांत तेलाचं बोट लावलं नव्हतं, ते विचारा की.

कार्यक्रम संपल्यावर ट्रम्पेटवाल्यानं विचारलं, "काका, ते मधे काय होतं?" या ट्रम्पेटवाल्याला सगळे भोंगा म्हणतात.

पडलो म्हणून सांगतील तर ते काका कसले. "सहज," म्हणाले.

महिन्याभरानं काका घरी खुर्चीवर चढून माळ्यावरचा डबा काढायला गेले आणि पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. खुर्चीवर कशाला चढायचं म्हणते मी. पण माझ्यावर चढले असते तरी मी काय केलं असतं, ते आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आणि पंधरा दिवसांवर कार्यक्रम आलेला.

बँड चालवतात गाणाऱ्या ताई. त्यांनी बदली शोधली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, तिशीची, बुटकी, बारीक आवाजाची बाई. कधी या बँडला, कधी त्या बँडला बदली म्हणून जायची. ती गाणी समजून घ्यायला काकांच्या घरी आली. दारात चपला काढताना आधी काकांच्या चपला सरळ लावल्या, मग स्वतःच्या. काकूंच्या नजरेतून हे सुटलं नाही.

काकांनी मात्र तिला बसासुद्धा म्हटलं नाही.

"अहो, तिला बसू द्या," काकू म्हणाल्या. "का उभ्यानंच शिकवणार?"

"बस." काकांनी खुर्ची दाखवली. मला नाही हं, खुर्ची.

तिनं वही काढली. कुठल्या गाण्यात ताई शेवटची ओळ दोनदा घेतात, भोंगा दम घ्यायला कुठं थांबतो, कुठलं गाणं कशानं संपतं, सगळं विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, "काका, तुमची तिवई मला उंच होईल. खाली केली तर चालेल का?"

"कर. पण होती तिथं आणून ठेव."

"ठेवीन. लाल खूण आहे ना, तिथंच."

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिनं खूण पाहिली होती. मग त्यांनी भोंग्यानं केलेलं मागच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिच्या फोनवर पाठवलं आणि करड्या आवाजात बजावलं, "यात जसं वाजलंय तसंच वाजवायचं. एक ठोका कमी नाही, एक जास्त नाही. तुझी अक्कल चालवायची नाही."

"नाही चालवणार," ती म्हणाली.

आमच्या माणसानं ते रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं होतं का? तर नाही. सव्वीस वर्षं वाजवणारा माणूस स्वतःचं काय ऐकणार!

मित्रांनो, बदली बसणाऱ्यांचे बरेच नमुने मी पाहिलेत. गिटारवाल्याच्या जागेवर एकदा एक जण आला, तो दोन गाण्यांच्या मधे लोकांना स्वतःची कार्डं वाटत होता. दुसरा आला तो प्रत्येक गाण्यानंतर म्हणायचा, "आमच्याकडे हे असं नाही वाजवत." मग जा की तुमच्याकडे! पण बँडवालेही काही कमी नसतात. बदलीवाल्याला गाण्यांची यादी स्टेजवर चढताना हातात कोंबायची, चहाला त्याला विसरायचं, आणि त्याचं चुकलं की सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे बघायचं, म्हणजे समोरच्यांना कळावं की चूक आमची नाही, या पाहुण्याची. आमच्या ताईंचा मात्र एक नियम आहे. बदलीवाला काहीही वाजवो, मागे वळून बघायचं नाही. त्यानं वाजवलं ते आपणच वाजवलं.

कार्यक्रम एका क्लबच्या हॉलमध्ये होता, दुपारी चारचा. कुणाच्या तरी लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. चष्मेवाली तासभर आधी आली, मला खाली घेतलं, आणि पेच आवळला. मग पुन्हा तपासला. मग तिसऱ्यांदा. मी मनात म्हटलं, बाई, तू माझ्या घरी आधी का नाही आलीस?

ती बसली. हलकीच होती. पण गादीच्या अगदी कडेलाच टेकली होती.

पहिली दोन गाणी सुरळीत गेली. तिसरं गाणं तेच होतं, मी घसरले ते. तिसरं कडवं आलं, आणि ही एकदम थांबली! दोन्ही काठ्या हवेत. एक ठोका गेला, दोन गेले, आणि मग धडाम्! जिथं मी काकांना पाडलं होतं, बरोबर तिथंच. बाईनं रेकॉर्डिंगमधली माझी घसरण घोटून घोटून पाठ केली होती!

एकही मान मागे वळली नाही. लोक मात्र खूश झाले. नाचणारे हसायला लागले, ज्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती त्या आजी टाळ्या वाजवत ओरडल्या, "परत! परत!" ताईंनी कडवं परत घेतलं. या वेळी ती थांबली तेव्हा सगळा बँड थांबला. आख्खा हॉल एक पाय वर उचलून उभा. सुई पडली तर ऐकू यावी. आणि मग धडाम्! अहो, तो आनंद काय सांगू. आजोबा आजींच्या पायावर पडता पडता राहिले.

मध्यंतराला ताईंनी तिला आपल्या शेजारी बसवून चहा दिला. एवढ्यात मागच्या दारानं काका आले, हात गळ्यात बांधलेला, मागे काकू. 'मी येणार नाही' म्हणून घरी तीनदा सांगून झालं होतं. दारामागे उभं राहून सगळं ऐकलं होतं त्यांनी. पूर्वी तो आधीचा ड्रमवाला दारात उभा होता तसंच.

"काय गं," काका तिच्यासमोर येऊन म्हणाले. आवाज चढलेला. "माझ्या गाण्यात, माझ्या जागेवर बसून, स्वतःची करामत दाखवायची? टाळ्या घ्यायच्या? तुला मी काय सांगितलं होतं?"

तिचा चेहरा पडला. कप खाली ठेवून ती म्हणाली, "काका, मी काहीच नाही केलं. तुमचंच आहे ते."

"माझं? मी असलं कधी वाजवलं?"

"रेकॉर्डिंगमध्ये आहे."

तिनं फोन काढला. भोंगा, ताई, काकू, सगळे वाकून ऐकायला लागले. गाणं आलं, तिसरं कडवं आलं, ठोके थांबले, आणि त्या शांततेत काकांचा आवाज आला, "अगं आई गं!" मग धडाम्.

"तुम्ही मधे काहीतरी म्हणता," चष्मेवाली अगदी गंभीरपणे म्हणाली. "ते मला नीट कळलं नाही, म्हणून तेवढं सोडलं. माफ करा."

भोंग्याच्या नाकातून चहा आला. काकू तर भिंतीला धरून हसायला लागल्या. "सहज म्हणे! सहज पडले होते हे! आणि वर म्हणतात, एक ठोका कमी नाही की जास्त नाही!"

काका लाल झाले. मग त्यांच्या मिशा हलल्या, आणि मग पोट हलायला लागलं. "परत लाव," ते म्हणाले. तीन वेळा ऐकलं, तिन्ही वेळा हसले.

हसणं चालूच होतं, तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी आले ते थेट चष्मेवालीकडे. "वा, काय वाजवता! पुढच्या महिन्यात आमचा मोठा कार्यक्रम आहे. ड्रमवर तुम्हीच हव्यात. तुमचा नंबर द्या बरं."

काकांचं हसू जागच्या जागी विरलं. सव्वीस वर्षं ज्या क्षणाला ते घाबरत होते, तो चहाच्या टेबलाशी येऊन उभा होता. ताईसुद्धा चष्मेवालीकडे बघत राहिल्या.

चष्मेवालीनं ओढणीला हात पुसले. "ड्रमवर हे असतात," तिनं काकांकडे बोट दाखवलं. "आज त्यांचा हात बरा नाही म्हणून मी बसलेय. तुम्हाला आवडलं ते त्यांच्याच रेकॉर्डिंगवरून शिकलेय. बोलायचं ते ताईंशी बोला. पुढच्या महिन्यात काकांचा हात बरा झालेला असेल."

"पण आम्हाला तुम्हीच..."

"मला बोलवायचं तर माझा स्वतःचा बँड झाल्यावर बोलवा. या जागेवर बसून मी माझा नंबर देत नसते."

असं म्हणून तिनं बिस्कीट चहात बुडवलं. जणू काही झालंच नाही.

उत्तरार्ध सुरू होताना काका माझ्याजवळ आले, डाव्या हातानं माझा पेच चाचपला आणि तिला म्हणाले, "हा घसरतो. तुला आधीच सांगायला हवं होतं."

"आवळलाय मी," ती म्हणाली. "तीनदा."

उत्तरार्धात ताईंनी माइकवर दोन्ही नावं घेतली, आधी ज्यांची जागा त्यांचं, मग जी आज बसली तिचं. काका पहिल्या रांगेत बसून डाव्या हातानं मांडीवर ताल धरत होते. कार्यक्रम संपल्यावर तिनं मला पुसलं आणि लाल खुणेवर नेऊन ठेवलं. प्लास्टर निघाल्यावर काका माझ्यावर बसले तेव्हा केसभराचाही फरक नव्हता. तो धडाम् मात्र त्यांना आता शिकून घ्यावा लागला. लोक तोच मागतात. माझ्यावरून न पडता दोन ठोके थांबणं काही त्यांना जमेना, शेवटी चष्मेवालीनं घरी येऊन शिकवलं. या खेपेला तिला "बस" म्हणताना काकांनी खुर्ची नाही, मला पुढे केलं.

आणि गेल्या महिन्यात काकांनी आपणहून तिला फोन लावला. "आठ दिवस लेकीकडे जातोय. कार्यक्रम आहे मधे. येशील?"

काकू बॅग भरत होत्या. त्यांच्या हातातली साडी तशीच राहिली. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"ठणठणीत आहे."

"मग?"

"मग काय? नातवाबरोबर चार दिवस राहावं म्हटलं. बदली आहे की."

कार्यक्रमाच्या दिवशी मध्यंतराला ताईंचा फोन वाजला. मी शेजारीच होते. काका विचारत होते, सगळं ठीक आहे ना. ठीक आहे, ताई म्हणाल्या. काका म्हणाले, माझी आठवण काढतंय का कुणी? कुणीही नाही, ताई म्हणाल्या. त्यावर पलीकडून इतकं मोठं हसू आलं की ताईंनी फोन कानापासून लांब धरला.

मित्रांनो, दुसऱ्याच्या जागेवर बसायची वेळ तुमच्यावरही येईल. शाळेत येईल, कामावर येईल. तेव्हा ऐटीत बसा, घाबरू नका, पण जागा कुणाची आहे ते विसरू नका. आणि तुमच्या जागेवर कुणी बसलं, तर त्याला कुठला पेच घसरतो ते आधी सांगा, चहा द्या, आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्या. माझ्यासारखीला महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावलंत तर उत्तमच. माणसाला सुखानं उठून जाता आलं पाहिजे, तर त्या बसण्याला अर्थ आहे. सव्वीस वर्षं मी काकांना बसलेलं पाहिलं. ते सुखानं बसलेत हे मला कळलं, ते पहिल्यांदा उठून गेले तेव्हा.