फुटलेल्या लाद्या

जयवंतशेठने छापील कागद कॉम्प्रेसरवर आपटला तेव्हा कोंडीराम तेलाची पातळी बघत होता.

"सरकारने वेबसाइटवर टाकलंय. एक टन बर्फाला कोण किती वीज जाळतो, नावानिशी. आपला नंबर एकविसावा."

"कारखाने किती हायेत एकूण?"

"एकवीस."

कोंडीरामने कागद उचलला, त्याखालचा तेलाचा डाग पुसला. संपात करी रोडची गिरणी सुटली, तेव्हापासून तीस वर्षं तो वरळी कोळीवाड्याजवळच्या या बर्फाच्या कारखान्याचं मशीन सांभाळत होता. आपलं मशीन फुकट वीज खातं, असं त्याला बायकोनेसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. आणि तिने म्हणायचं दुसरं काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. पुढच्या यादीतही तळाशी राहिलो तर ऑपरेटर बदलीन, असं बजावून शेठ गेला.

सहा महिने कोंडीरामने स्वतःला पिडलं. पाइपांना गोणपाट गुंडाळलं, दारांच्या फटींत रबर ठोकलं, जाळ्या घासल्या. युनिटं खरंच उतरली. दुसऱ्या यादीत कारखाना विसावा आला. मधल्या काळात एक कारखाना बंद पडला होता, त्यामुळे यादीच विसांची होती. बाकीच्यांनीही पहिली यादी वाचून आपापल्या फटी बुजवल्या होत्या. सरकारचं काम फत्ते झालं. वैताग तेवढा कोंडीरामच्या वाट्याला आला.

मग तपासणीच्या मॅडम आल्या. त्या मशीनभोवती दोनदा फिरल्या आणि बुचकळ्यात पडल्या. इतकं निगुतीनं ठेवलेलं मशीन यादीत तळाशी कसं, हे त्यांना कळेना. बर्फाचं वजन कुठून लिहिता, असं त्यांनी विचारलं. विक्रीच्या वहीतून, कोंडीराम म्हणाला.

"विक्रीचं नाही हो, कामी आलेला सगळा बर्फ धरायचा. वाया गेलेला तेवढा सोडायचा. साच्यांच्या हिशेबाने विक्रीत रोज बारा लाद्या कमी दिसतात. फुटलेल्या लाद्या कुठे जातात?"

रोज पहाटे डझनभर लाद्या फुटत. म्हणजे कोंडीराम फोडी, आणि कोळणी तो बर्फ मासळीवर घालायला मागच्या दाराने पाट्यांतून फुकट नेत. जयवंतशेठच्या वडिलांना, थोरल्या शेठना, ते ठाऊक होतं. त्या वेळी ते पेपरात डोकं घालून बसत. संपाच्या वर्षी त्या कोळणींतल्या पुतळाबाईने कोंडीरामच्या खोलीवर मासळी टाकली, तीही कधी मोजून टाकली नव्हती.

"ते धरलं तर तुम्ही वरून तिसरे याल," मॅडम म्हणाल्या.

तिसरे. कोंडीरामने जयवंतशेठकडे पाहिलं. शेठ कान देऊन उभा होता. फुकटचा बर्फ सरकारी फॉर्मवर चढला की दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप चढणार.

"मोरीत जातो, मॅडम. वय झालं. हात थरथरतात, लादी सुटते."

शेठने त्याच्या हातांकडे पाहिलं. महिनाअखेरीस नवा ऑपरेटर ठेवला, लवू.

शेवटच्या पहाटे कोंडीरामने लवूला व्हॉल्व्ह दाखवले, गोणपाट कधी बदलायचं ते सांगितलं. मग आकड्याने एक लादी ओढत मागच्या दारापाशी नेली. बाहेर पुतळाबाई पाटी घेऊन उभी होती. तिच्या कानावर सगळं आलं होतं.

"काय रं कोंडीराम, हात थरथरतात ना तुजं?"

कोंडीरामने लादी उभी केली, तोलली आणि सोडली.

"कोपऱ्यावर पाडायची," तो लवूला म्हणाला. "म्हंजे तुकडे पाटीत मावतात."

"रोज?"

"रोज. बारा."

लवूने दुसरी लादी ओढली. ती सपाट पडली, नुसती तडकली. कोंडीरामने वाकून ती पुन्हा उभी केली आणि लवूचा हात धरून नीट कोपऱ्यावर आणला.